हिरू ठाकराचा डवरा

कोरड्या ओढ्यातला एखादा दगड उचलून हिरू ठाकर त्याची खालची बाजू गालाला लावीत असे. क्षणभर डोळे मिटे, मग दगड होता तसा पालथा ठेवून पुढे चालू लागे. तीन-चार दगड असे नाकारून तो एखाद्यापाशी उकिडवा बसला, की समजावे, इथे हातभर खाली पाणी आहे. आमच्या मास्तरांनी पुढे छापून आणलेल्या प्रवासवर्णनात या गोष्टीला ‘रानटी जादूटोणा’ म्हटले आहे. जादूटोणा कसला? खाली ओल असली की दगडाचे पोट गार लागते. हे कळायला शाळेत जावे लागत नाही, आणि उभा जन्म शाळेत काढूनही मास्तरांना ते कळले नाही.

त्याच प्रवासवर्णनात लिहिले आहे की, शेवटच्या दिवशी भर उन्हात वाटाड्या आम्हाला नाळेत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या अरुंद घळीत, टाकून पळून गेला. हे धादांत खोटे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दहा-बारा वर्षे, वैशाखात, कर्जत आणि खालापूर यांच्यामधल्या डोंगरांत पाठीवर पडश्या टाकून तीन दिवस भटकलेले आम्ही मास्तर धरून मुंबईचे सहा जण होतो. त्यांतले आज दोघेच उरलो आहोत. दुसरे आहेत ते वकील. त्यांच्या सत्कारात गेल्या वर्षी त्यांनी ‘पळपुट्या ठाकराची’ ही कथा पुन्हा सांगितली आणि सभागृह हसले. तेव्हा मी उठून बोललो, तर वय झाल्याचे सांगून मला खाली बसवण्यात आले. म्हणून लिहितो.

हिरू आमच्या मागून चाले. मास्तरांना हे खपत नसे. “तू वाटाड्या ना? मग पुढे हो,” ते दरडावीत. “पुढं होऊन काय करू? वाट कुटं पळतेय?” हिरू म्हणे. “सांडलात तर तुमीच सांडाल.” आणि खरोखरच पहिल्या दिवशी वकील घसरले तेव्हा त्यांचे मनगट मागून पकडणारा तोच होता. प्रवासवर्णनात त्या जागी ‘एका झुडपाने मला वाचवले’ असे वकिलांच्या तोंडी वाक्य आहे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी कर्जतला गाठायची होती. आता काय, उतरायचेच आहे, असे म्हणून मंडळींनी ओझे कमी करण्यासाठी सकाळीच आपापले पाण्याचे फिरकीचे तांबे ओतून टाकले. हिरू नको नको म्हणत होता. नाळेत दोन्ही अंगांना काळे कातळ, वर झाड नाही, आणि माध्यान्हीला तो सगळा दगड तव्यासारखा तापलेला. एकाला भोवळ आली. हिरूने आपला भोपळा पुढे केला. ठाकराच्या भोपळ्यातले पाणी मास्तरांना चालेना, आणि मास्तरांना चालेना म्हणून आम्हा कोणालाच चालेना.

हिरूने भोपळा परत खांद्याला अडकवला. मग म्हणाला, “ह्याच नाळेत एक डवरा हाय. वाडीचा हाय. प्याचं तेवडं पिऊन घ्या. हात बुडवायचा नाय, करवंटीनं काडायचं. मी वाडीत सांगून येतो.”

डवरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाणी थेंबाथेंबाने पाझरून जमते. त्या महिन्यात अख्ख्या वाडीला तेवढेच पाणी होते. परक्याला ती जागा दाखवायची नाही, असा त्यांचा दंडक. हिरूने वरची पाने बाजूला केली, पहिली करवंटी वाळूवर सोडली आणि आम्हा सहाही जणांना ओंजळीत पाणी घातले. जमिनीतल्या पाण्याला विटाळ नसतो, असा निवाडा मास्तरांनी तोवर दिला होता. आम्ही प्यायलो, आणि हिरू वाडीकडे चढू लागला. ज्याला ही मंडळी पलायन म्हणतात ते हे.

तो वळणाआड जाताच मास्तरांनी पडशीतून साबण आणि वस्तरा काढला. तीन दिवसांचे खुंट घेऊन स्टेशनात उभे राहणे त्यांना शोभणार नव्हते. पाहता पाहता सगळ्यांना स्वच्छतेचा झटका आला. तोंडे झाली, काखा झाल्या, पाय झाले. वकिलांनी मोजे खळबळले. एकाने चूळ भरली आणि दुसरीकडे टाकण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्या इवल्याशा खड्ड्यावर केस तरंगणारा करडा फेस आजही डोळ्यांपुढे आला की किळस येते. मी साबण लावला नाही. मात्र मी कातळाच्या सावलीत बसून राहिलो, कारण पंचविसाव्या वर्षी मला मास्तरांची मर्जी मोडवत नव्हती. यालाही किळसवाणे म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. मी वाद घालणार नाही.

हिरू परतला तेव्हा त्याच्याबरोबर मडकी घेतलेल्या चार बायका होत्या. पुढे त्याची थोरली बहीण होती. तिने डवऱ्यात पाहिले.

“हिरू, यांना तूच आनलंस ना रं?”

“मीच.”

“तहानेनं मरत्यात म्हनालास.”

“हां.”

“मंग आता पोरांना ह्यो फेस पाजू?”

“बाई, साबण विलायती आहे,” मास्तर म्हणाले. “अपाय नाही त्याचा.”

तिने रिकामे मडके वाळूवर पालथे घातले. हिरू गुडघ्यांवर बसला आणि करवंटीने डवरा उपसू लागला. पाणी सगळे काढायचे, वरची वाळू खरवडायची, नवे पाझरेपर्यंत थांबायचे, तेही काढायचे. दिवस मावळेपर्यंतचे काम होते.

“अरे, आम्हाला गाडी आहे. वाट कोण दाखवणार?” मास्तरांनी विचारले.

“नाळ सरळ खाली जातेय,” मान वर न करता हिरू म्हणाला. “जावा.”

आम्ही गेलो. त्याला सोडून आम्ही गेलो.

पुढच्या वैशाखात मी एकटा वाडीवर गेलो आणि माझा दोष त्याच्यापुढे मांडला. त्याने ऐकून घेतले. “पाऊस लागेस्तो बहीन बोलली नाय माज्याशी,” एवढेच म्हणाला. मला खाली कर्जतला उतरायचे होते. “नाळेनेच जाऊ,” मी म्हणालो. तो घरात गेला, दोन भरली मडकी बांधलेली कावड खांद्यावर घेऊन आला आणि त्याने मला डवऱ्याची नाळ टाळून डोंगराच्या धारेने नेले. दुपटीची वाट, आणि माथ्यावर ऊन. मी मागितले तितक्या वेळा त्याने कावड उतरवली आणि मला पोटभर पाणी दिले. ते त्याच्या घरच्या माणसांच्या वाटणीचे होते.

“नाळेने आलो असतो, तर तुझे एवढे ओझे वाचले असते,” अखेरीस मी म्हणालो.

“वाचलं आसतं,” हिरू म्हणाला, आणि कावड दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालू लागला.