खुर्चीचं कर्ज आणि आठच्या आधी आलेलं पावणं

सांगू का नको? बरं, सांगतोच. तसंही माझ्या कर्जाची गोष्ट साऱ्या मंगळवार पेठेला माहीत झाली आहे, तुम्हीच तेवढे राहिलाय! फक्त एक करा, हसायचं ते चहा संपल्यावर हसा. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या नाकातून चहा बाहेर आला होता.

मी शाळेत हेडक्लार्क होतो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. तारीख नसेल तर हेडमास्तरांचाही अर्ज परत पाठवणारा माणूस मी! एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

निवृत्त झालो आणि महिन्याभरातच राजारामपुरीतल्या एका दुकानात ट्यूबलाइट आणायला गेलो. दारातच मालिश करणारी खुर्ची ठेवलेली. विजेवरची हो! विक्रेता म्हणाला, "काका, ट्यूब काढेपर्यंत बसा की दोन मिनिटं."

बसलो. आहाहा! आत जणू दोन पैलवान बसवले होते, एक मानेला, एक कमरेला. डोळे आपोआप मिटले. तेवढ्यात विक्रेता कानाशी म्हणाला, "हप्त्यानं मिळतीय काका. फोनवरच कर्ज मंजूर. इथं सही."

केली.

"इथं पण."

केली.

"आणि ही शेवटची."

ती पण केली! बत्तीस वर्षांचा हेडक्लार्क, आणि कागदाकडं बघितलं तरी का? कसं बघणार? डोळे उघडले तर पैलवान थांबतील अशी भीती!

खुर्ची घरी आली. आमच्या सौ., म्हणजे शालन, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या.

"हे काय?"

"शाळेनं दिली. निरोपाची भेट."

"शाळेनं? ज्या शाळेनं निरोप समारंभाला एका समोशात दोघांना भागवलं, त्या शाळेनं?"

"माणसं मनानं मोठी असतात गं," मी म्हणालो. तिनं विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, हे मला आजही कळलेलं नाही.

चार महिने हप्ते सुरळीत गेले. पाचव्या महिन्यात पेन्शन लांबली आणि हप्ता चुकला. लगेच फोन आला, भरणा झालेला नाही, आमचा माणूस भेटायला येईल. मला घाम फुटला. कंपनीची भीती नव्हती हो, शालनची होती!

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तालमीच्या हॉलमध्ये एका वकीलबाईंचं व्याख्यान झालं. विषय, कर्जदाराचे हक्क. मी पहिल्या रांगेत. काय छान बोलल्या बाई! वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कुणी यायचं नाही, फोनही करायचा नाही. आलेल्या माणसाकडं ओळखपत्र पाहिजे, कंपनीचं पत्र पाहिजे. शेजारीपाजारी सांगून कुणाची अब्रू काढायची नाही. आणि मुळात कर्ज देण्याआधी व्याज, दंड, सगळे आकार एका कागदावर, समजेल अशा भाषेत लिहून द्यायचे. नियम आता कडक झालेत म्हणाल्या. मला तर वाटलं, हे सगळे नियम दिल्लीत बसून कुणीतरी फक्त माझ्यासाठी केलेत!

बाईंनी वाटलेलं पत्रक मी प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं आणि खिशात बाळगायला लागलो. कोपऱ्यावरच्या महादूच्या चहाच्या गाडीवर जो येईल त्याला धरून हक्क सांगायचो. महादू मला 'वकीलसाहेब' म्हणायला लागला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय, ते कुणाला बघायचं असेल तर त्या दिवसांत आमच्या गल्लीत यायला पाहिजे होतं.

आता घरातली दुसरी बाजू ऐका. आमची एकुलती एक अश्विनी. एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथं कामानिमित्त येणारा रणजित, गारगोटीकडचा, जनावरांचा डॉक्टर. दोघांचं जमलं. आम्हाला पसंत, त्याच्या आईला पसंत. राहिले होते फक्त त्याचे चुलते, बापू. रणजितचे वडील तो लहान असतानाच गेले, बापूंनीच त्याला वाढवलं, त्यामुळं घरात बापूंचा शब्द शेवटचा. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. रविवारी सगळे येणार होते.

अश्विनी रोज बजावायची, "पप्पा, बापू व्हय म्हणाले तरच व्हय. तुम्ही तेवढं कमी बोला." लेकीचा जीव टांगणीला लागला होता. मला दिसत होतं.

आणि मग उजाडला गुरुवार. सकाळचे सात वीस. महादूचा फोन.

"तात्या, एक पावणं गाडीवर आल्यात. तुमचीच चौकशी करायल्यात."

"काय विचारतोय?"

"घर मालकीचं का भाड्याचं. पेन्शन किती. कुणाचं देणं हाय काय. माणूस शब्दाला पक्का हाय काय."

झालं! हाच तो! आणि सात वीसला? वर शेजाऱ्यांकडं चौकशी? एका दमात दोन नियम मोडले पठ्ठ्यानं! खरं सांगू, माझी भीती कुठल्या कुठं पळाली. परीक्षेत नेमका पाठ केलेलाच प्रश्न आला की कसं होतं, तसं झालं. बनियनवर शर्ट चढवला, पत्रक खिशात आहे बघितलं आणि निघालो.

गाडीवर साठीचा एक गृहस्थ बशीतला चहा फुंकत उभा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, काखेत पिशवी. मी म्हटलं, वेषांतर! शेतकऱ्याचं सोंग काय हुबेहूब घेतलं होतं हो, चपलेला चिखलसुद्धा लावला होता.

"राम राम," तो म्हणाला. "तुमीच का वसंत तात्या? जरा बोलायचं हुतं."

मी मनगट त्याच्या नाकापुढं धरलं. "किती वाजले?"

"सात पंचवीस."

"आठ वाजल्याशिवाय एक शब्द बोलायचा न्हाय. नियम हाय."

"आठ?"

"आठ!"

तो काही चिडला नाही. बोटांवर काहीतरी मोजलं, मान डोलावली. "बरं बरं. पाळायला पायजे. आमच्यात बी बघत्यात." आणि समोरच्या दगडी कट्ट्यावर जाऊन गप बसला. मागाहून कळलं, त्याला वाटलं, हे घर शुभ वेळ बघितल्याशिवाय तोंडच उघडत नाही!

पस्तीस मिनिटं हो! कट्ट्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. महादू त्याला दुसरा चहा द्यायला निघाला तर मी खुणेनं अडवला. गल्लीत बातमी फिरली. दूध आणायला निघालेली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन तिथंच थांबली. मी मधूनच घड्याळ बघायचो, तोही अदबीनं आपलं घड्याळ बघायचा.

आठ वाजले. मी उभा राहिलो आणि हात पुढं केला. "ओळखपत्र!"

"आँ?" त्यानं पिशवी चाचपून आधार कार्ड काढून दिलं. माझा चष्मा घरी राहिला होता. तरीही मी ते दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. हेडक्लार्क ना!

"हे चालत न्हाय. कंपनीचं दाखवा."

"कंपनी कसली ओ? शेती हाय माझी."

"आणि पत्र?"

"पत्र कशाला पायजे? घरच्यांनी सांगितलं, आदी जाऊन बघून या, म्हणून आलो. म्होरचा येव्हार करायच्या आदी माणूस पारखून घ्याला नको व्हय?"

"व्यवहार! ऐकलं का सगळ्यांनी? व्यवहार म्हणतोय!"

असं म्हणून मी कट्ट्यावर चढलो. हो, चढलो! कुणी सांगितलं नव्हतं, पण गर्दी बघितली की माणसाचं असं होतं. पत्रक उंच धरलं आणि शाळेच्या मैदानावर सूचना द्यायचो त्या आवाजात सुरू केलं.

"व्हय! हाय माझं कर्ज! बायकोला शाळेनं दिली म्हणून सांगितलंय, त्या खुर्चीचं हाय! एक हप्ता चुकलाय, तो भरणार हाय! पण शेजाऱ्यांना सांगून माझी अब्रू काढायचा अधिकार तुमास्नी कुणी दिला?"

मला वाटलं, आता टाळ्या पडणार.

महादू हळूच म्हणाला, "तात्या, पावण्यांनी कुणाला काय न्हाय सांगितलं. तुमीच सांगितलं की आत्ता."

आणि मागून आवाज आला, "कुठली खुर्ची?"

शालन! पण थांबा, खरं संकट पुढंच होतं. तिच्या मागून डब्याची पिशवी खांद्याला लावून अश्विनी कामाला निघालेली. तिनं त्या पावण्याकडं बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"बापू? तुम्ही? रविवारी येणार होता ना?"

"रविवारी समदी येणार हुती, पोरी," बापू म्हणाले. "म्हटलं आदी एकट्यानं गपचिप चौकशी करून यावी. रीत हाय ती."

रीतच ती! सोयरीक जोडायच्या आधी चार घरी विचारपूस करायची, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या वेळी सासरेबुवांनी आमच्या न्हाव्यापर्यंत जाऊन विचारलं होतं. अश्विनीसाठी असं कुणीतरी येणार, हे कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात खुर्ची होती.

"येतो मी," बापू म्हणाले. बास, एवढंच. अश्विनी नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी कट्ट्यावरून उतरलो, हात जोडले, पण तोंडातून शब्दच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा मी कमी बोललो, तेही नको त्या वेळी!

बापू पिशवी उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आई गंऽऽ!"

गार दगडावर पस्तीस मिनिटं बसवल्यावर साठीची कंबर दुसरं काय करणार? वर होता येईना, खाली बसता येईना. सगळे धावले. शालनच काय ती शांत होती.

"आत न्या त्यांना, आणि बसवा त्या खुर्चीत," ती म्हणाली. "कर्ज काढून आणलीय तर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

चौघांनी बापूंना उचलून खुर्चीत ठेवलं. मी बटण दाबलं. बापू दचकले, "आरं, ह्यात कोण बसलंय?" मग खांदे सैल झाले. डोळे मिटले. टोपी नाकावर आली. पंधरा मिनिटं घरात फक्त खुर्चीची घरघर. अश्विनी दाराला टेकून नखं खात होती आणि तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

खुर्ची थांबली. बापूंनी एक डोळा उघडला.

"अजून एक डाव लावा की."

हुश्श! दुसऱ्या डावानंतर बापू सरळ उठून बसले, शालननं दिलेला चहा घेतला आणि माझ्याकडं वळले. "तात्या, मी चौकशीला कशाला आलतो? ह्या घरात लपवाछपवी हाय का बघायला. लोक देणं लपवत्यात, आजार लपवत्यात. तुमी तर न इचारता कट्ट्यावर चढून सांगितलं! असलं घर मी अजून बघितलं न्हाय. पोरगी आमची झाली म्हणून समजा."

माझी छाती फुगली.

"पण वयनींपासनं लपवलं, ते लई वाईट."

"ते माझ्यावर सोडा," शालन म्हणाली. छाती जाग्यावर आली. पण अश्विनी हसली हो! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. त्या हसण्यापुढं शालनचा सगळा हिशेब मला कबूल होता.

संध्याकाळी अश्विनीनं कर्जाचे कागद मागितले. गठ्ठ्यात वरून दुसरंच पान. व्याज, दंड, सगळे आकार, एका कागदावर, मराठीत, चांगल्या ठसठशीत अक्षरांत! खाली सही माझी. कंपनीनं नियम पाळला होता. कागद वाचायचा असतो, असा नियम मात्र अजून कुणी केलेला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला खऱ्या वसुलीवाल्याचा फोन आला. "सर, आत्ता बोललं तर चालेल का?" इतका सभ्य माणूस, की मला वाटलं, यालाच रविवारी जेवायला बोलवावं. शालननं हप्ता भरून टाकला आणि माझं पत्रक काढून अश्विनीला दिलं.

रविवारी सगळे आले. बापू दारातून थेट खुर्चीत. बोलणी सुरू व्हायच्या आधी अश्विनी म्हणाली, "पप्पांच्या पत्रकात लिहिलंय, व्यवहाराआधी सगळं एका कागदावर, समजेल अशा भाषेत द्यायचं. मी आणि रणजितनं तसे कागद केलेत."

बापूंनी मोठ्यानं वाचायला घेतलं. रणजितचा कागद आधी. कुणाची म्हैस अडली की ताटावरून उठून जातो. अंगाला गोठ्याचा वास येतो. स्वयंपाकात फक्त चहा येतो. सगळे हसले. मग अश्विनीचा. नोकरी सोडणार नाही. राग लवकर येतो, उशिरा जातो. भाकरी गोल होईल याची हमी नाही. अजून हसले. मी सगळ्यांत जोरात.

शेवटच्या ओळीला बापू थांबले. चष्मा पुसला. माझ्याकडं बघितलं आणि सावकाश वाचलं, "इतर आकार. वडील, नग एक. सोबतच येतील. माफ होणार नाहीत. परत घेतले जाणार नाहीत."

घर दणाणलं! शालन तर पदर तोंडाला लावून खाली बसली. मी ताडकन उठलो. "हे मला मान्य न्हाय! कुणाला विचारून लिहिलं हे?"

बापूंनी कागद माझ्यापुढं धरला. "खाली सही तुमचीच हाय की, तात्या."

होती. शनिवारी दुपारी अश्विनी आली होती खरी, "पप्पा, इथं एक सही" म्हणत. मी खुर्चीत होतो. खुर्ची चालू होती.