अर्धे भाजलेले खेकडे

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर मेलेला बिबट्या फाडण्याआधी त्याच्या कपाळावर हात ठेवतो. तो भीमाशंकरकडच्या डोंगरातला. ओढ्यातले खेकडे निखाऱ्यावर जेमतेम शेकून आणतो आणि मला, डॉक्टरलाही, खाऊ घालतो. "लई भाजलं की चव जाती, सायेब." खोकला आला की म्हणतो, बिडीचा हाय.

काल बिबट्याच्या फुप्फुसातल्या गाठीतून चिंचोक्याएवढे दोन किडे निघाले, वळवळणारे. पुस्तकात कधीतरी वाचलेलं आठवून मी म्हणालो, "कच्च्या खेकड्यातून अंगात जातात हे. माणसातही."

दुपारी डब्यातले खेकडे त्यानं स्टोव्हवर कोळसा होईस्तोवर जाळले. मग खोकत विचारलं, "आन् आजवर तुमाला घातलेल्यांचं काय, सायेब?"