कोटेशनकाकांचं छप्पर

कोटेशनकाकांना फुकट मिळणारं कोटेशन गरम भज्यांपेक्षा जास्त आवडायचं, आणि त्यापायी त्या घरात जी बुरशी माजली होती ना, ती आठवली तरी मला आत्ता टाइप करताना शिसारी येतेय! सिंगापूरला पीएचडी करताना मी त्यांच्या बुकित तिमाहच्या जुन्या कौलारू घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. भिंतींवर हिरवी-काळी लव, उशीला कुबट वास, कपाटातला ड्रेस घातला की अंगाला चिकटायचा. ई! आणि शेजारच्या खोलीतून काकूंचा खोकला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही ओल घालवा, नाहीतर खोकला जाणार नाही.

काकांनी ठरवलं, छपरावर गळक्या कौलांच्या जागी डांबरी शिंगल्स, म्हणजे डांबराचे चपटे तुकडे घालायचे. न्यू जर्सीला भावाच्या घरावर पाहिलेले, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले. "तिकडे सगळ्यात स्वस्त हेच गं!" पण इकडे ते बसवणारे मोजके, माल बाहेरून येणार, शिवाय जुनी कौलं उतरवा, खाली प्लायवूड ठोका, वॉटरप्रूफिंग करा, परांची बांधा. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकून काका आम्हाला म्हणाले, "छप्पर घालायचंय, दुसरं घर नाही घ्यायचंय! अजून एक कोटेशन घेऊ."

मग दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येकजण माप घ्यायला वर चढायचा, आणि प्रत्येकाच्या पायाखाली एखादं कौल कडकन फुटायचं. म्हणजे कोटेशन वाढलं की गळती वाढायची! एकाने तर सांगितलंसुद्धा, "अंकल, चीप वन ऑल्सो कॅन. लीक, डोन्ट कॉल मी लाह!" म्हणजे स्वस्तातही करतो, पण गळलं तर मला बोलवायचं नाही. काका खूश. "बघ, आकडा खाली आला की नाही!"

आणि हाच माणूस पलंगावर थेंब पडायला लागल्यावर काकूंना कोरड्या बाजूला सरकवून स्वतः ओल्या गादीवर झोपायचा. पाठ ओली, पण कोटेशनवर सही नाही! मला चिडावं की रडावं कळायचं नाही.

काकू म्हणाल्या, "अहो, मी बुकित पंजांगला लेकीकडे चालले. तिच्या डोक्यावर वरच्यांचा फ्लॅट आहे. तुम्ही घ्या कोटेशनं."

त्या खरंच गेल्या. काका जेवणाच्या टेबलावर एकटेच बसून कोरडा ब्रेड खात राहिले. मग पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याचा आकडा आता वाढला होता. काका एवढंच म्हणाले, "ओके. कम टुमॉरो."

छप्पर झालं, भिंती वाळल्या, काकू परत आल्या आणि हळूहळू खोकलाही थांबला. पुढे मी घर सोडलं त्या दिवशी बॅगा घेऊन खाली आले, तर भिंतीला शिडी! शेजारी एक अनोळखी माणूस, हातात टेप.

"सहज गं," काका कुजबुजले. "आपण कितीला फसलो, ते नुसतं बघायचं."

शिडीच्या खालच्या पायरीवर काकू मेथीची जुडी घेऊन बसल्या होत्या. पानं खुडता खुडता म्हणाल्या, "चढू दे की त्याला. माझ्यावरून चढू दे."

माझी टॅक्सी वळली तरी त्या उठल्या नव्हत्या.