बेसिनमध्ये ओतलेलं पाणी

अकरा मार्चला, मंगळवारी, ड्रायव्हरने रेडिएशन विभागाच्या खिडकीवर चौदा हजार सातशे साठ रुपये भरले, पावतीची घडी करून खिशात ठेवली आणि बायकोला म्हणाला, "एवढ्यात घराचं पुढचं दार नवं झालं असतं."

"दार आहे तेच बरंय. तुम्ही नीट व्हा म्हणजे झालं," बायको म्हणाली आणि तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

एकतीस वर्षं त्याने लांब पल्ल्याची बस चालवली होती. पहाटे अर्धा कप चहा आणि मग मुक्कामाला पोचेपर्यंत घशाखाली थेंब नाही. गाडी वेळेत न्यायची तर मध्ये थांबायचं नाही, आणि थांबायचं नाही तर प्यायचं नाही, असा सरळ मामला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. जेवताना बायको तांब्या पुढे सरकवायची आणि तो मागे सरकवायचा.

आता प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरीणबाईंनी नेमकं पाण्यावरच बोट ठेवलं होतं. पूर्वी हा उपचार सात-आठ आठवडे रोज चालायचा, त्या सांगत होत्या. अलीकडच्या अभ्यासांतून असं दिसलं होतं, की त्याच्यासारख्या निवडक रुग्णांना मोठ्या डोसच्या पाच बैठकाही पुरतात.

"पण डोस मोठा, म्हणून नेमही तितकाच अचूक लागतो. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर ढकलली जातात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. रिकामं असलं की खाली उतरतात आणि भाजली जातात. मग पुढे कितीतरी दिवस जुलाब, रक्त पडणं. ते टाळायचं म्हणून दर वेळी आधी टेबलावर स्कॅन घेतो आणि मगच किरण देतो. तुमचं काम एकच. एक तास आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं."

"धरून ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही," ड्रायव्हर हसत म्हणाला.

बाहेरच्या बाकावर त्याची गाठ मास्तरांशी पडली. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सत्तरीचे, दुखणं तेच, त्यांचाही तो पहिलाच दिवस. अंगावर स्वतः शिवलेली बदामी पँट, इस्त्रीची कड अशी की बोट कापावं. त्यांनी आपली बाटली ड्रायव्हरच्या बाटलीला टेकवली.

"काय करत होता?"

"बस चालवायचो."

"मग ड्रायव्हरसाहेब, ब्रेक शाबूत आहेत ना? इथे त्याचंच काम आहे."

"मास्तर, नवरा-बायको गाडीत भांडत होते तरी मी मध्ये गाडी नाही थांबवली कधी."

"माझं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. कोपऱ्यावरच. ब्रेक लागला नाही तर सरळ आत या," मास्तर म्हणाले, आणि ड्रायव्हरची बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवशी मशीन उशिरा चालू झालं. ड्रायव्हरचा जीव कासावीस झाला. बैठक पार पडली, पण टेबलावरून उतरून संडासाच्या दारापर्यंत पोचेतो पँटच्या आत थोडं ओलं झालंच. कोणाला दिसलं नाही. त्याला मात्र कळलं.

गुरुवारी तो बाटली घेऊन बेसिनपाशी गेला. दोन घोट घेतले आणि बाकीचं पाणी हळूच ओतून टाकलं. रिकामी बाटली बघून बायको म्हणाली, "शहाण्यासारखे वागलात हो."

मास्तर त्याच्यामागच्या नंबरावर होते. त्यांचं पाणी वेळेवर पिऊन झालं होतं आणि ते पायावर पाय टाकून, घड्याळाकडे पाहत बसले होते.

आत टेक्निशियन मुलीने स्कॅन घेतला, काचेपलीकडून आली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका, फारच कमी भरलंय. पाणी पूर्ण प्यायलात ना?"

"पूर्ण."

"नक्की?"

"बायकोला विचार. बाटली रिकामी आहे."

"मग काहींचं उशिरा भरतं, तसं असेल. हलू नका, थोडं थांबून परत बघू. बाहेरचे आजोबा थांबतील थोडा वेळ."

ती गेली. ड्रायव्हर छताकडे बघत पडून राहिला. आता तोंड उघडलं असतं तर एका मिनिटात तो खाली उतरला असता आणि मास्तर वर आले असते. त्याने तोंड उघडलं नाही. त्याला एक बाई आठवली, कडेवर पोर घेऊन ड्रायव्हरच्या सीटमागे उभी राहिलेली. "भाऊ, दोन मिनिटं थांबवा हो," ती म्हणत होती, आणि तो आरशात न बघता म्हणाला होता, "पुढच्या स्टँडला." पुढचा स्टँड लांब होता. आजवर त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसरा स्कॅन झाला. मुलीने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि त्याला उतरवायला सांगितलं. परत पाणी प्या, सगळ्यांत शेवटी घेऊ.

तो दार उघडून बाहेर आला तेव्हा सफाईवाला बाकाखाली पोछा मारत होता. बाकावरची माणसं एकदम भिंतीवरचे फलक वाचायला लागली होती. मास्तर कपडे बदलायच्या खोलीत होते आणि त्यांची बायको दाराला तोंड लावून हळू आवाजात म्हणत होती, "अहो, होतं असं. उघडा ना." बऱ्याच वेळाने मास्तर बाहेर आले. बायकोची ओढणी कमरेला गुंडाळली होती. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. बैठक न घेताच ते निघून गेले.

त्या ओल्या फरशीसमोर बसून ड्रायव्हरला अर्धा लिटर पाणी प्यावं लागलं. बायको शेजारी बसली होती.

"सकाळी बाटली मी काठोकाठ भरली होती," ती म्हणाली.

तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"बेसिनमध्ये?"

त्याने होकारार्थी मान हलवली. बायको उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

शनिवारी मास्तरांची जागा रिकामी होती. टेक्निशियन मुलगी फोन ठेवून कोणाला तरी सांगत होती, "ते आजोबा येत नाही म्हणतायत. उपचारच नको म्हणे." ड्रायव्हरने तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

"काका, तुमचं मूत्राशय उशिरा भरतं असं मी तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय. त्यावरून तुमच्या वेळा बदलायचं चाललं होतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवून त्यांना बसवून ठेवलं. मी ठेवलं." तिचा आवाज चिरकला. "आता आत चला. पाणी माझ्यासमोर प्यायचं, दर वेळी."

बैठक आटोपून तो बाजाराच्या मागच्या गल्लीत गेला. दुकान अरुंद होतं. कापलेली कापडं उडू नयेत म्हणून पंखा बंद होता आणि मास्तर घामाघूम होऊन मशीन मारत होते.

"उजेड अडतोय," ते मान वर न करता म्हणाले.

ड्रायव्हर बाजूला झाला. "आज आला नाहीत, मास्तर."

"नाही. आणि येणारही नाही. ज्याला घोटभर पाणी धरवत नाही, त्याने कशाला बरं व्हायच्या गमजा माराव्यात? जे व्हायचं ते घरात होऊ दे. चार लोकांत नको."

"तुमचा दोष नव्हता."

"डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. समजूत काढताना सगळे तेच म्हणतात."

"मी समजूत काढायला नाही आलो. मी पाणी ओतून दिलं होतं. पूर्ण प्यायलो म्हणून खोटं सांगितलं. म्हणून त्यांनी मला तसंच ठेवलं आणि तुम्हाला थांबवलं."

मशीन थांबलं.

"म्हणजे तुम्ही आत पडून होता आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी बाहेर आहे, हेही."

"हो. ती माझ्यासमोरच म्हणाली."

"आणि इतका वेळ तोंड शिवून पडलात." मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "इतकी पक्की शिलाई तर मलाही येत नाही."

"पहिल्या दिवशी माझंही थोडं झालं होतं. परत होईल म्हणून भ्यालो."

"मग मला सांगायचंत. शेजारीच बसलो होतो ना? मी काय दवंडी पिटणार होतो?"

ड्रायव्हरने नजर वळवली. खुंटीवर ती बदामी पँट टांगलेली होती, धुऊन, इस्त्री करून.

"तिला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "पण मी ती परत घालणार नाही."

"किंमत सांगा."

"पँटचे पैसे दिले की मिटलं, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. ते मिटायचं नाही. पँटचे तरी घ्या."

मास्तर धंद्याच्या आवाजात म्हणाले, "कापड साडेसातशे, शिलाई पाचशे."

ड्रायव्हरच्या खिशात हजार होते. मास्तरांनी ते घेतले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि परत मशीनवर पाय ठेवला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

मंगळवारी ते आले. अंगात काळी पँट होती. मुलीने नंबर बदलले होते, मास्तर आधी आणि ड्रायव्हर नंतर. मास्तरांच्या चुकलेल्या दोन बैठका शेवटी वाढवून दिल्या होत्या. मास्तर बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले. ड्रायव्हरने तिच्यासमोर पूर्ण बाटली संपवली. आत गेल्यावर ती म्हणाली, "काका, आज अगदी हवं तसं भरलंय," आणि त्याला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. पडल्यापडल्या त्याला फक्त दाराबाहेरच्या त्या फरशीची जागा दिसत होती.

गुरुवारी त्याची शेवटची बैठक होती. उरलेले पैसे मुठीत घेऊन तो मास्तरांसमोर उभा राहिला.

मास्तरांनी दोन्ही गुडघे घट्ट जुळवले होते. त्यांनी नुसता हात वर केला. "आत्ता नको. तुमचं ते तोंड बघून हसायला येईल, आणि हसलो तर गेलो."

एवढ्यात त्यांना आत बोलावलं. बैठक झाल्यावर ते पलीकडच्या दाराने घरी गेले.

दोनशे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.