व्हर्डीची गाडी

व्हर्डी स्टिडमचा जबडा डावीकडे वाकडा आहे. नवऱ्याने मोडला, कोर्टाच्या पायऱ्यांवर, भर सकाळी. लोक एवढंच सांगतात. बाकीचं मी सांगते, कारण केंटकीच्या या डोंगरातल्या कोर्टात अर्ज घेणाऱ्या खिडकीशी तेव्हा मी बसत असे.

व्हर्डी खाणकामगाराची मुलगी. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, घरी कोंबड्या पाळायची. नवरा डेल्मर हाताला येईल त्याने मारायचा: पट्टा, तवा, एकदा गोठलेलं हरणाचं तंगडं. त्या तंगड्याने तिच्या बरगड्या मोडल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच तिला शिजवायला लावलं. तेव्हा ती घटस्फोट मागायला आली. फी भरायची ऐपत नव्हती. गरिबाला फी माफ होते. फक्त आपल्या नावावर काय काय आहे ते शपथेवर लिहून द्यावं लागतं.

तिथेच घोडं अडलं. दारूपायी डेल्मरचा गाडी चालवायचा परवाना गेलेला. आमच्याकडचे असले पुरुष पिकअप गाडी बायकोच्या नावावर करतात आणि चालवतात स्वतःच. राहतं घर अजून बापाच्याच नावावर होतं; व्हर्डीने अर्जात ती गाडी लिहिली.

"अगं, किल्ली तरी कधी हातात घेतलीस का?" मी विचारलं.

"नाही. पण नाव माझंच आहे ना, बाई. बायबलवर हात ठेवून खोटं बोलू?"

जज प्रॅटरनी अर्ज वाचला. "चांगली गाडी आहे. विका आणि फी भरा."

"जो घेईल त्याला डेल्मर जिवंत सोडेल का, जजसाहेब?"

"तो या कोर्टाचा प्रश्न नाही."

मूर्ख माणूस! व्हर्डी बाहेर गेली. डेल्मर तीच गाडी घेऊन आला होता आणि पायरीवर बसून दात काढत होता.

"या, मालकीणबाई! घरी चला, पूजा बांधतो तुमची."

व्हर्डी गाडीकडे गेली. गाडीच्या मागच्या हौद्यात तिच्या बापाचा घण पडला होता. तिने तो उचलला आणि समोरची काच फोडली. मग दिवे. मग बोनेट, आतलं इंजिन दिसेपर्यंत.

"माझी गाडी! रांडे, माझी गाडी!" डेल्मरने तिचे केस धरले आणि तोंड पायरीच्या दगडावर आपटलं. जबडा मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. ती रक्त थुंकत उठली आणि घण त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. ती परत गाडीकडे वळली.

जज धावत बाहेर आले, मागोमाग मी, हातात तिचा अर्ज.

"अटक करा हिला!" डेल्मर लोळत ओरडला. "माझी गाडी फोडली!"

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी! माझ्या पैशाची! हिने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, साऱ्या खोऱ्याला विचारा!"

"ऐकलंत ना, जजसाहेब? मग हिच्याकडे आहे काय?"

डेल्मरच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. "नाही, नाही! तिचीच आहे! कागद बघा!"

"मग स्वतःचीच गाडी फोडली तिने," जज म्हणाले. "त्यात अटक कसली? आणि आता हे भंगार विकून कसली फी निघणार?" त्यांनी शिपायाला बोलावलं आणि बेड्या डेल्मरला घालायला सांगितल्या.

अर्ज तिथेच मंजूर झाला. कडेला व्हर्डीचं रक्त लागलं होतं. मी तसाच फाइलला लावला.

घटस्फोट झाला, बापाचं घर तिच्याकडे राहिलं. गाडीही कायद्याने तिचीच. ती अंगणात सडते आहे आणि डेल्मर बसायचा त्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.