तीन घरांत वाटलेली डिस्क

मुलगा झाल्यावर मी नोकरी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. पुन्हा अर्ज करायला लागले तेव्हा सगळीकडून एकच प्रश्न यायचा, सध्या काय करता? उत्तर हवं म्हणून मी एक उपद्व्याप मांडला. कुणालाच नको असलेले तीन जुने कॉम्प्युटर जमवले आणि तिघांची मिळून एक डिस्क केली.

माझ्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन होतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःची डिस्क नव्हती. सुरू होताना ते नेटवरून या तीन खोक्यांकडे आपलं सामान मागायचं. सगळ्या सामानाची प्रत तिन्हीकडे होती आणि तिघांपैकी दोघं जागी असली की भागायचं. एक खोकं आमच्या भाईंदर पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये, एक गोडदेवला मोठ्या मामाकडे, एक डोंगरीला मावशीकडे. तिन्हीकडची वीज एकदम जाणार नाही, हा माझा हिशेब. मशीन उठेपर्यंत कुकर लावून व्हायचा, पण उठायचं.

मामाने खोकं देवघराशेजारी ठेवलं. मावशीने त्यावर विणलेला रुमाल घातला. मी काढला, तिने पुन्हा घातला. सासूबाईंचा मात्र उघड विरोध होता. "वीज खातंय नुसतं. देतंय काय?" मी तिन्ही खोक्यांवर 'बटणाला हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि निर्धास्त झाले.

शेवटी एका कंपनीने ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. एक खोकं बंद असतानाही मशीन उठतं, हे मी करून दाखवायचं होतं. दुसरं कोणी बोलावेल अशी आशा मला उरली नव्हती. आणि मुलाखत आली नेमकी धाकट्या मामाच्या मुलीच्या हळदीच्या संध्याकाळी. आमच्यात हळद चुकवली तर पुढची दहा लग्नं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी हॉलच्या वरच्या खोलीत, नवरीच्या बॅगांच्या मधे, लॅपटॉप मांडून बसले. खाली बेंजो वाजत होता.

मुलाखत घेणारे गृहस्थ भले वाटले. मी मशीन सुरू केलं. पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. बघते तर नेटवरून तिन्ही खोकी गायब. "एक मिनिट हं सर," म्हणून माईक बंद केला आणि खाली पळाले.

मोठा मामा अंगभर हळद फासून नाचत होता.

"मामा, खोकं बंद केलंस?"

"मी? हात पन न्हाय लावला! मेन बंद करून निंगालो फक्त. घराला कुलूप लावताना मेन चालू ठेवतात का कुनी?"

मावशीनेही घराचा मेन स्विच बंद केला होता. सासूबाईंनी तर बंद करून पुन्हा एकदा तपासला होता. आमच्या खानदानात एवढी एकच शिस्त सगळे पाळतात. तिन्ही घरांची वीज एकदम जात नाही हे खरं, पण हळदीला तिन्ही घरं एकदम जातात, हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

"दोन घरांचे मेन आत्ताच्या आत्ता लागले नाहीत तर माझी नोकरी गेली!" मी ओरडले.

"लागली कुठंय अजून?" मावशी म्हणाली.

मामा त्याच अवतारात स्कूटरवर बसला. डोंगरी लांब, म्हणजे दुसरं घर आमचंच. नवरा अजून ड्यूटीवर. तेवढ्यात पुढच्या रांगेतली खुर्ची सोडून सासूबाई उठल्या. "चावी माझ्याकडे आहे," म्हणाल्या आणि रिक्षा शोधायला निघाल्या.

वर जाऊन मी सरांना खरं तेच सांगितलं.

"हा धोका तुम्ही धरला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"वीज जाण्याचा धरला होता सर. हळदीचा नाही."

ते इतके हसले की त्यांचा कॅमेरा हलला. "थांबतो मी," म्हणाले, आणि थांबले. मधल्या वेळात हजार प्रश्न विचारले. आधी गोडदेव आलं. एकट्याने काही होईना. मग आमचं घर आलं आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मशीन उठलं.

"सर, एक बंद असताना दाखवायचं होतं ना? डोंगरीचं अजून बंदच आहे."

कधीपासून येऊ शकाल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बॅगांवर बसून चक्क रडले.

मग ताट भरून घेतलं आणि रिक्षाने घरी गेले. दार उघडलं तर आत काळोख. सासूबाई खोक्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या, घामाने निथळत, पदराने वारा घेत. दिवा, पंखा, फ्रिज, सगळ्यांची बटणं बंद.

"अहो आई, पंखा तरी लावायचा!"

"आणि त्याला कमी पडलं असतं तर? झालं का तुझं काम?"

"झालं."

"मग लाव आता."