नीतूचं शून्य

गुंजन रहांगडाले आमच्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होती. दर जूनमध्ये तिला बोलावणं यायचं, मार्चमध्ये काम संपायचं. तिचे वडील दुधराम चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवतात. मी त्याच कॉलेजात गणिताचा कायम प्राध्यापक.

गेल्या वर्षी ती एका शोधनिबंधाची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आली. एका गावाहून बाकीच्या सगळ्या गावांना जायचा सर्वांत जवळचा रस्ता कसा काढायचा, यासाठी डाइक्स्ट्राची पद्धत आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. ही पद्धत दर वेळी उरलेल्यांतलं सर्वांत जवळचं गाव उचलते, म्हणजे गावं अंतराच्या क्रमाने लावत जाते. हा क्रम लावण्यातच वेळ जातो, आणि तो टाळता येणार नाही असं बहुतेक जण धरून चालले होते. २०२५मध्ये काही संशोधकांनी तो टाळून दाखवला. सगळी गावं ओळीत न लावता मोजकीच मोक्याची निवडायची, असा त्यांचा मार्ग. तीन दुपारी बसून आम्ही दोघांनी तो निबंध वाचला. सगळा नाही, पण गाभा कळला. गुंजनने तो लगेच वर्गात शिकवला.

पुढे अंतर्गत परीक्षा झाली. विभागप्रमुख पटले सरांनी प्रश्न काढला होता : डाइक्स्ट्राच्या पद्धतीपेक्षा वेगवान पद्धत शक्य नाही. चूक की बरोबर? कारण लिहा.

सालेकशाकडच्या नीतू नावाच्या मुलीने 'चूक' असं उत्तर दिलं आणि दीड पान कारण लिहिलं. वर हेही लिहिलं, की गावं अंतराच्या क्रमानेच हवी असतील तर मात्र जुनी पद्धत हरत नाही. पटले सरांनी तिला शून्य दिलं.

नीतू पेपर घेऊन गुंजनकडे आली. "मॅडम, उत्तर बरोबर हाय ना? मंग शून्य काऊन?"

गुंजन तो पेपर घेऊन तडक स्टाफरूममध्ये आली. "सर, तुम्ही हे वाचलं का?"

"वाचायचं काय त्यात? सिलेबसच्या बाहेरचं हाय," पटले सर म्हणाले.

"प्रश्नात 'शक्य नाही' लिहिलं आहे तुम्ही. सिलेबसमध्ये अशक्य आणि बाहेर शक्य, असं असते का कुठं?"

"तुम्ही तासिकावाल्या मॅडम. पोरींना असलं कायले शिकवून राहिल्या? छोडो ना."

गुंजनने निबंध टेबलावर आपटला. सरांचा चहा सांडला. "जुन्या वह्या वाचून दाखवता तुम्ही! पोरगी तुमच्यापुढचं वाचते, तेच दुखून राहिलं तुम्हाला!"

पटले सर माझ्याकडे वळले. "गणितवाले, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "बघावं लागेल."

व्हरांड्यात तिने मला गाठलं. "बघावं लागेल? मग तीन दुपारी काय बघत होते? माझं काम मार्चपर्यंतचं, तरी मी बोलली. तुम्हाला कोण काढणार होतं?"

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. त्यांनी नीतूला पूर्ण गुण दिले, पण शेरा मारला 'सहानुभूतीपूर्वक'. गुंजनने मात्र भाषेबद्दल लेखी माफी मागावी, असं ठरलं. तिने नकार दिला.

नीतूही प्राचार्यांसमोर उभी राहिली. "सहानुभूती कायले? उत्तर बरोबर हाय, तं बरोबर लिवा."

त्यांनी लिहिलं नाही. गुण राहिले, शेराही राहिला. जूनमध्ये गुंजनला बोलावणं आलं नाही.

आता ती देवरीला कॉम्प्युटरचा क्लास घेते. अभ्यासक्रम बदला म्हणून तिने विद्यापीठाला तीन पत्रं लिहिली आहेत, एकाचंही उत्तर आलेलं नाही. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेलो. तिने मला खुर्ची दिली, फळ्याकडे वळली आणि तास संपेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.